काका गडावर, पुतण्या पायथ्याला

कळवणमधल्या एखाद्या गच्चीवर चढून दक्षिणेला तोंड केलं, की सातमाळा रांग डोळ्यांत भरते. उजव्या हाताला सप्तशृंगी आणि मार्कंड्या, मग रवळ्या-जवळ्याची जोडी, आणि जवळजवळ नाकासमोर धोडप. डावीकडे कांचना, राजदेहेर, इंद्राई असं करत ही रांग चांदवडला जाऊन टेकते. एवढ्या गर्दीतही धोडप चुकत नाही. पिंडीवर लिंग ठेवावं तसा त्याचा माथा, आणि माथ्यापासून पश्चिमेला पुढे आलेली काळ्या कातळाची सरळसोट भिंत. त्या भिंतीला मधेच एक चौकोनी खाच आहे. कुणी मुद्दाम दगड काढून घेतल्यासारखी. प्रत्यक्षात ती निसर्गाचीच करणी. जमिनीच्या भेगेतून वर आलेला लाव्हा आत थिजून घट्ट झाला, आजूबाजूचा मऊ खडक हजारो पावसाळ्यांनी धुऊन नेला आणि मधला कणा उरला. कोकणातल्या माणसाने हे पाहिलं तर तो याला भूशिरच म्हणेल. फक्त खाली समुद्राच्या जागी कांद्याचे वाफे आहेत.

१७६८ च्या जून महिन्यात या कातळाच्या आश्रयाला एक माणूस आला. त्याच्या घोड्यांनी दहाच वर्षांपूर्वी लाहोर गाठलं होतं. नाव रघुनाथ बाजीराव, म्हणजे राघोबादादा. पायथ्याशी त्यांना वेढून बसलेला होता त्यांचा सख्खा पुतण्या, पेशवा माधवराव. काका-पुतण्या म्हटलं की एक पिकलेला आणि एक कोवळा असं चित्र उभं राहतं. पण दादांचा जन्म १७३४ चा आणि माधवरावांचा १७४५ चा. जेमतेम साडेदहा वर्षांचं अंतर. एक तेहेतिशीतला, दुसरा तेविशीतला. हे अंतर ध्यानात ठेवलं की पुढचं बरंच काही उलगडतं. चाळीस वर्षांनी मोठा काका पुतण्याच्या हाती कारभार सोपवून काशीला गेला असता. दहा वर्षांनी मोठ्या काकाला ते जमत नाही.

भांडणाचं मूळ पानिपतात होतं. १४ जानेवारी १७६१ ला थोरला मुलगा विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवराव एकाच दिवशी गेले. तो घाव नानासाहेब पेशव्यांना सोसला नाही आणि त्याच वर्षी २३ जूनला पर्वतीवर त्यांनी प्राण सोडला. पेशवाईची वस्त्रं त्यांच्या सोळा वर्षांच्या मुलाच्या, माधवरावांच्या अंगावर आली. घरात वडीलधारे आणि लढाया पाहिलेले असे एकटे राघोबादादाच उरले होते. कारभार आपणच पाहायचा, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. पुतण्याने ते गृहीत धरलं नाही.

पहिली ठिणगी लगेचच, १७६२ मध्ये पडली. दादा रुसून बाहेर पडले, निजामाच्या बाजूची मदत घेतली आणि भीमेच्या खोऱ्यात पुण्याच्याच फौजेवर चालून आले. नोव्हेंबरमध्ये घोडनदी आणि आळेगाव इथे गाठ पडली. माधवरावांचा पराभव झाला. पळून जायला वाट होती, लढाई लांबवायलाही होती. पण घरच्या भांडणात निजामाचं फावेल हे ओळखून तो सतरा वर्षांचा पोरगा आपण होऊन काकांच्या छावणीत गेला आणि स्वाधीन झाला. धोडपची गोष्ट सांगताना आळेगाव आधी सांगावं लागतं ते याचसाठी. सहा वर्षांनी हाच प्रसंग उलटा घडायचा होता.

दादांच्या हाती कारभार आला आणि त्याचं काय झालं हे सगळ्यांनी पाहिलं. मिरजेवर चालून जाऊन त्यांनी पटवर्धनांना दुखावलं. गोपाळराव पटवर्धनांसारखा मोहरा निजामाकडे गेला. नागपूरचे जानोजी भोसलेही तिकडे झुकले. १७६३ च्या उन्हाळ्यात निजामाच्या फौजेने पुणं लुटलं, जाळलं. शेवटी १० ऑगस्टला गोदाकाठी राक्षसभुवनला निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला, तेव्हा अब्रू वाचली. त्या दिवशी फौज सावरली ती माधवरावांनी. तिथून कारभाराची सूत्रं हळूहळू, फारसा गाजावाजा न होता, पुतण्याकडे सरकली.

दादांना वाईट म्हणून मोकळं होणं सोपं आहे, आणि मराठी नाटकांनी ते पुष्कळदा केलंही आहे. पण ते भित्रे नव्हते, कर्तृत्वशून्यही नव्हते. त्यांचं दुखणं निराळं होतं. मोहीम काढता येई, पैसा जमवता येत नसे. माणसं जोडता येत, पण कोणती तोडावीत ते कळत नसे. १७६६ मध्ये ते उत्तरेच्या स्वारीवर निघाले. त्याच मे महिन्यात आलमपूरला मल्हारराव होळकर वारले आणि दादांचा मोठा आधार तुटला. गोहदच्या जाटाच्या किल्ल्यापुढे महिनोन्‌महिने गेले, हाती काही लागलं नाही. मल्हाररावांचा नातू मालेराव १७६७ मध्ये गेला, तेव्हा होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड, म्हणजे गंगोबातात्या, यांच्या सल्ल्याने दादांची नजर होळकरांच्या दौलतीवर गेली. अहिल्याबाई ठाम उभ्या राहिल्या आणि माधवरावांनी पुण्याहून त्यांचीच बाजू घेतली. दादा दक्षिणेत परतले ते यशाशिवाय आणि डोक्यावर कर्जाचा डोंगर घेऊन. पुण्याला न जाता ते नाशिकजवळ आनंदवल्लीला, आपल्या वाड्यात, जाऊन बसले.

त्या पावसाळ्यानंतर माधवराव स्वतः आनंदवल्लीला गेले. बोलणी झाली. पुतण्याने कर्ज वारण्याची तयारी दाखवली, मानमरातब आणि खर्चाची नेमणूक देऊ केली. दादांना हवी होती वाटणी, दौलतीचा अर्धा हिस्सा. मला वाटतं, सगळा पेच या एका शब्दात आहे. दादांच्या लेखी पेशवाई ही बाजीरावांची मिळकत होती आणि बाजीरावांचे ते मुलगे. नानासाहेबांच्या मुलाला निम्मी, तर आपल्यालाही निम्मी. आपल्या गावात शेताच्या बांधावरून भावकी असंच बोलते. माधवरावांच्या लेखी मात्र दौलत छत्रपतींची होती, पेशवा तिचा कारभारी. आणि कारभार काही वाटून घेता येत नाही. दोघेही आपापल्या जागी ठाम होते. तडजोड झाली ती वरवरची.

त्याच हिवाळ्यात एक पाहुणा पुण्यात येऊन गेला. मुंबईच्या इंग्रजांनी थॉमस मॉस्टिनला वकील म्हणून धाडलं होतं. बंगालची दिवाणी १७६५ मध्येच कंपनीच्या हाती गेली होती. तिकडे दक्षिणेत हैदरअलीशी त्यांचं युद्ध जुंपलं होतं. मराठे हैदराला मिळू नयेत ही त्यांची चिंता, आणि साष्टी-वसई मिळावी ही जुनी हाव. मॉस्टिन पुण्यात पेशव्याशी गोड बोलत होता, त्याच वेळी त्याचा सोबती चार्ल्स ब्रोम नाशिकला जाऊन दादांना भेटत होता. घरात फट कुठे आहे, हे परक्याच्या डोळ्यांना आधी दिसतं. त्या भेटीतून लगेच काही निघालं नाही, पण दादांच्या दाराची वाट इंग्रजांना तेव्हापासून ठाऊक झाली.

१७६८ च्या उन्हाळ्यात दादांनी उघडपणे फौज गोळा करायला घेतली. हयात मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी अमृतरावाला दत्तक घेतलं. हा नुसता धर्मविधी नव्हता. वारस आला म्हणजे वाटणीचा दावा एका पिढीपुरता राहत नाही, हे पुण्याला बरोबर कळलं. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ सांगतो की, दादांनी पंधरा हजारांवर माणसं जमवली, आधी गोदावरीच्या काठी तळ दिला आणि मग धोडपच्या परिसरात हलवला. बडोद्याच्या दमाजी गायकवाडांनी मुलगा गोविंदराव याच्याबरोबर पथकं पाठवली. गंगोबातात्या तर जातीने हजर. सल्ल्याला चिंतो विठ्ठल रायरीकर. आणि सगळ्यांचे डोळे लागले होते ते पूर्वेकडे, नागपूरच्या जानोजी भोसल्यांच्या वाटेवर.

गंगोबातात्यांचा पेशव्यावरचा राग राजकारणापुरता नव्हता. डफ एक किस्सा सांगतो. एकदा भर दरबारात तात्यांनी माधवरावांच्या कारभाराला पोरखेळ ठरवणारं बोलून दाखवलं. पेशवे मसनदीवरून उठले, खाली आले आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी तात्यांच्या तोंडावर जोरात लगावली. माधवरावांचा शीघ्रकोप प्रसिद्धच होता. पण ज्याने होळकरांची दिवाणगिरी केली त्या म्हाताऱ्याने ही चपराक विसरावी, असंही नव्हतं.

आता प्रश्न असा की, धोडपच का? आनंदवल्लीला वाडा होता, त्र्यंबकचा किल्ला जवळ होता. कागदावर कुणी कारण लिहून ठेवलं असेल तर ते माझ्या पाहण्यात नाही. पण नकाशा समोर ठेवला की कारण आपोआप दिसतं. चांदवड होळकरांचं, म्हणजे गंगोबातात्यांच्या ओळखीचा मुलूख. धोडपहून ते डोळ्यांच्या टप्प्यात. पश्चिमेला बागलाण आणि हातगडच्या बाजूचे घाट उतरलं की गायकवाडांचं सोनगड. पूर्वेला खानदेशातून वऱ्हाडची वाट, जिथून जानोजी यायचे. तीन मित्रांच्या तीन वाटा जिथे एकत्र येतात, त्या जागेला पाठीशी धरून हा तळ पडला होता. धोडप निवडला तो लपायला नव्हे, तर वाट पाहायला. आणि वाट पाहणाऱ्याचं सगळं गणित येणाऱ्याच्या हाती असतं.

माधवरावांनी तेच गणित हेरलं. जानोजी आणि दादा एक झाले तर आळेगावची पुनरावृत्ती. शिवाय मृगाचे दिवस आलेले. एकदा पाऊस धरला की गिरणा-गोदावरीच्या खोऱ्यांत तोफांचे गाडे चिखलात रुततात, नद्या उतार देत नाहीत आणि लढाई थेट दसऱ्यावर जाते. म्हणजे बंडाला चार महिने फुकट मिळाले असते. दुसरा एखादा पेशवा पावसाळा पुण्यात काढून मग निघाला असता. माधवराव पुण्याहून निघून सुमारे अडीचशे किलोमीटरची मजल मारून सातमाळ्याच्या पायथ्याशी पोचले. जानोजी तोवर आले नव्हते.

१० जून १७६८ ला लढाई झाली. तिची वर्णनं आखूड आहेत, आणि ते साहजिकच म्हणायला हवं. दोन्हीकडे एकाच झेंड्याखाली वाढलेली माणसं, एकमेकांचे मेहुणे-साडू. कुणाच्या तलवारीने कोण पडला, हे बखरकारालाही अभिमानाने लिहावंसं वाटलं नसेल. दादांची फौज उघड्या मैदानात पेशव्याच्या फौजेपुढे टिकली नाही, मोडली, आणि दादा गड चढून गेले.

धोडप चढून पाहिला की त्यांनी तसं का केलं हे कळतं, आणि ते किती दिवस निभणार होतं हेही. वडाळीभोईहून धोडांबे, तिथून हट्टी, ही आजची नेहमीची वाट. कळवणकडून यायचं तर ओतूरवरून. माचीपर्यंत चढ सोसणारा आहे. त्यानंतर मात्र गड माणसाला एकेकट्याने घेतो. कातळात खोदलेल्या पायऱ्या, वाटेत दरवाजे, बाजूच्या खडकात कोरलेली अक्षरं, आणि शेवटी डोंगराच्या पोटातून आरपार खोदून काढलेली प्रवेशाची वाट. उन्हातून तिथे पाऊल टाकलं की कानाशी एकदम गारवा येतो आणि आवाज बदलतो. मूठभर शिबंदीने इथे हजार माणसं अडवावीत. वर पाण्याची टाकी आहेत, डोक्यावर सुळक्यासारखा कातळ, आणि पश्चिमेला ती लांब भिंत, जिच्या टोकाला गेल्यावर तिन्ही बाजूंना नुसती हवा.

पण हजारोंनी जमवलेली फौज वर मावत नाही. ती खाली मोडून गेलेली. टाक्यातलं पाणी शिबंदीला पुरतं, छावणीला नाही. आणि मुख्य गोष्ट म्हणजे, किल्ला लढतो तो बाहेरून कुणी सोडवायला येणार या भरवशावर. शिवाजी महाराजांच्या वेळी याच रांगेतले किल्ले मोगलांना झुंजवत राहिले, कारण मागे उभं असलेलं राज्य जिवंत होतं. दादांच्या मागे कोण होतं? गोविंदराव गायकवाड पेशव्याच्या हाती लागला होता, गंगोबातात्याही. जानोजी आलेच नाहीत. गडावरून खाली पाहिलं की पुतण्याचे डेरे दिसत असणार. दादांनी गड सोडला आणि ते माधवरावांच्या स्वाधीन झाले.

आळेगावला पुतण्या काकांच्या डेऱ्यात गेला होता, धोडपला काका पुतण्याच्या. फरक पुढच्या वागण्यात आहे. आळेगावनंतर दादांनी जुने हिशेब चुकते करायला घेतले होते. माधवरावांनी काकांच्या जिवाला हात लावला नाही. त्यांना पुण्याला आणलं आणि शनिवारवाड्यातच, आपल्या नजरेखाली, बंदोबस्तात ठेवलं. कुटुंब जवळ, स्नानसंध्या सुरू, फक्त बाहेर जायचं नाही. साथीदारांना मात्र सोडलं नाही. गंगोबातात्यांच्या वाट्याला कैद आणि जबर दंड आला. गायकवाडांवरही मोठी खंडणी बसली. दमाजी त्याच ऑगस्टमध्ये वारले, आणि त्यांच्या मुलांमध्ये गादीसाठी जो तंटा माजला त्यात आधी गोविंदराव आणि मग सयाजीराव अशी पुण्याची बाजू बदलत गेली. त्याला विटून दमाजींचाच मुलगा फत्तेसिंग गायकवाड पुढे इंग्रजांशी बोलू लागला. धोडपची ही एक बाजू फारशी सांगितली जात नाही. बंड मोडलं, पण बडोदा तिथून मनाने दुरावलं.

बाकी हिशेब जमेचाच होता. जानोजींचा समाचार लगेच घेतला गेला. माधवराव वऱ्हाडात उतरले, नागपूर जळलं, आणि मार्च १७६९ मध्ये कनकापूरला तह झाला. घर शांत झालं तसं उत्तरेला बघायला उसंत मिळाली. रामचंद्र गणेश, विसाजी कृष्ण, महादजी शिंदे, तुकोजी होळकर अशी मोठी फौज त्याच वर्षी निघाली, आणि जानेवारी १७७२ मध्ये बादशहा शाहआलम मराठ्यांच्या पाठबळावर दिल्लीत परतला. पानिपतानंतर अकरा वर्षांत एवढी मजल मारली गेली. ती धोडपच्या त्या एका दिवसाशिवाय शक्य नव्हती, असं माझं मत आहे. पाठीमागे भावकी पेटलेली असताना नर्मदा कोण ओलांडणार?

मग काकांना वाड्यात ठेवण्यात माधवराव चुकले का? हा प्रश्न कळवणच्या पारापासून पुण्याच्या व्याख्यानमालांपर्यंत ऐकू येतो. मला तो पश्चातबुद्धीचा वाटतो. काकाला मारणं त्या माणसाच्या स्वभावात नव्हतं, आणि तसं केलं असतं तर निम्मे सरदार उलटले असते. दूरच्या किल्ल्यावर ठेवावं तर किल्लेदार फितायचा. डोळ्यांसमोर ठेवणं हाच त्यातला बरा मार्ग. त्यात एकच खोट होती. हा बंदोबस्त माधवरावांच्या डोळ्यांवर उभा होता, आणि ते डोळे फार दिवस राहणार नव्हते. राजयक्ष्म्याने त्यांना आतून पोखरायला घेतलं होतं. १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला ते गेले, तेव्हा वय अवघं सत्तावीस. जाण्यापूर्वी त्यांनी काकांना जवळ बोलावून धाकट्या भावाचा, नारायणरावाचा हात त्यांच्या हाती दिला.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. ३० ऑगस्ट १७७३ ला त्याच शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. न्यायाधीश रामशास्त्र्यांनी दादांना दोषी धरलं. बारभाईंनी, म्हणजे त्यांच्याविरुद्ध एक झालेल्या पुण्याच्या कारभाऱ्यांनी, त्यांना पुण्याबाहेर ठेवलं, आणि दादा धावत गेले ते इंग्रजांकडे, ज्यांचा माणूस सात वर्षांपूर्वी नाशिकला येऊन गेला होता. ६ मार्च १७७५ चा सुरतेचा तह, त्यातून पेटलेलं युद्ध, १७८२ चा सालबाईचा तह. त्या तहाने दादांना महिना २५,००० रुपयांची नेमणूक मिळाली. राहायला त्यांनी गोदाकाठचं कोपरगाव निवडलं आणि १७८३ च्या डिसेंबरात तिथेच त्यांचा अंत झाला.

धोडप पेशव्यांकडे राहिला. जुन्या नाशिक गॅझेटियरमध्ये आप्पाजी हरी आणि बाजीराव आप्पाजी या सुभेदारांची आणि त्यांच्या सोळाशे माणसांची नोंद आहे. अजितसिंग नावाच्या कुणा पुंडाने खालची वस्ती लुटून जाळली आणि ती पुन्हा पहिल्यासारखी भरली नाही, असंही त्यात आहे. १८१८ च्या एप्रिलमध्ये कर्नल मॅकडॉवेलची इंग्रजी पलटण या रांगेत शिरली. राजदेहेरने थोडा प्रतिकार केला, त्र्यंबकने थोडा. त्र्यंबक पडल्यावर आसपासचे सतरा किल्ले एकापाठोपाठ खाली झाले. धोडपही न लढता गेला. त्या वेळी पेशवा होता दुसरा बाजीराव, राघोबादादांचा मुलगा.